मदत हवी आहे: आईच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक (म्हणजे अंगठ्याने ओळख पटवणं बंद) ठेवू की काढू?
आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. आईचे सरकारी गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये आधार जोडलेल्या खात्यात येतात आणि तिथून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात. पासवर्ड बदलता येतो, अंगठा नाही. उद्या त्याचा कोण कसा वापर करील, सांगता येत नाही. म्हणून एमआधार ॲपवर लॉक केलं. पण रेशनला अंगठा लागतोच! तात्पुरतं उघडलं तर १० मिनिटांत परत बंद होतं. दुकानात रांग, रेंज जाते-येते, ॲप माझ्या फोनवर आणि मी कामाला बेळगावात. आईकडे साधा फोन आहे, ओटीपी तिला वाचता येतो. खातं बदलायचं नाही. लॉक ठेवून ओटीपीवर रेशन कुणाला मिळतंय का? की बँकेत अर्ज देऊन फक्त अंगठ्यावर पैसे काढणं बंद करता येतं?