मणक्याच्या ऑपरेशननंतर कामावर कसे परतलात?

नमस्कार मंडळी. कंबरेतल्या एल४-एल५ या दोन मणक्यांमधली गादी सरकली होती, ५ आठवड्यांपूर्वी मायक्रोडिस्केक्टॉमी (छोट्या छेदातून गादीचा सरकलेला भाग काढायचं ऑपरेशन) झाली. पायातली कळ लगेच गेली, पण कंबर अजून धरते आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या आहेतच. चालायला त्रास नाही. खुर्चीत २० मिनिटं झाली की मात्र टेबलाला धरून उठावं लागतं. जेवतोही ओट्याशी उभा राहून, बायको हसते. डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यापासून बैठं काम चालेल. पण बदलापूर-ठाणे लोकलचं काय? त्या गर्दीत एक धक्का पुरे. कुणी सुरुवातीला अर्धा दिवस किंवा घरून काम मागून घेतलं का? साहेबांना नेमकं काय सांगितलंत? आणि कंबरेचा बेल्ट किती दिवस लावलात? माझा काढला की भीतीच वाटते.