मदत हवी आहे: थारला इलेक्ट्रिक विंच बसवायची आहे, साडेनऊ हजार पाउंड ओढीची घेऊ की बारा हजार?

मंडळी नमस्कार. नवीन थार आहे, डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप. तिला पुढून इलेक्ट्रिक विंच (मोटरने ड्रमवर दोरी गुंडाळत अडकलेली गाडी बाहेर ओढणारं यंत्र) बसवायचीय आणि वाचून वाचून डोकं भंजाळलंय, म्हणून धागा काढतोय. ज्यांनी स्वतः विंच वापरलीय, खास करून आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यांनी कृपया सांगावं.

आधी गरज सांगतो. आमची शेती वेल्ह्याच्या बाजूला आहे, डांबरी सुटली की शेवटचा पट्टा कच्चा, लाल मातीचा, मधे ओढा आणि ओढा ओलांडला की खाचरांच्या बांधाकडेने चढ. आषाढात त्या चढाच्या पायथ्याशी लो रेंज टाका, मड टायर असू द्या, गाडी पोटावर बसते आणि चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहतात. ट्रॅक्टर बोलवायचा तर लावणीच्या दिवसात एकाचाही मोकळा नसतो, आणि चिखलणी अर्धी टाकून कोणी माझी गाडी ओढायला यावं हे मलाच पटत नाही. बहुतेक वेळा मी एकटा असतो किंवा सोबत वडील, वय झालंय त्यांचं, पावसात त्यांना तासन् तास गाडीत बसवून ठेवता येत नाही. दुसरी गाडी सोबत नसते त्यामुळे ओढायच्या दोराचा उपयोग नाही. स्पर्धाबिर्धा काही करायची नाहीये, फक्त अडकलो तर स्वतःचं स्वतः बाहेर यायचंय.

आता माझा हिशोब बघा. गाडी पावणेदोन टनाच्या आसपास, माणसं, खताच्या गोण्या, टूलबॉक्स धरून सव्वादोन टन पकडू. सगळीकडे वाचलं की भरल्या गाडीच्या दीडपट ताकदीची विंच हवी, म्हणजे साधारण ३४०० किलो, पाउंडात साडेसात हजार. मग साडेनऊ हजार पाउंड म्हणजे ४३०० किलो, भरपूर झाली ना? पण ज्या दुकानात चौकशी केली तिथे पहिलं वाक्यच "साहेब बारा हजारचीच घ्या, मोठी ती मोठी". गाडीत बॅटरी कोणती, बंपर कोणता, कुठल्या जमिनीत वापरणार, काही म्हणजे काही विचारलं नाही. तिथून तसाच परत आलो.

तर साडेनऊ की बारा? स्टीलची वायर की सिंथेटिक दोरी? आहे त्या बॅटरीवर चालेल का? आणि बंपर बदलावाच लागतो का, कारण एअरबॅगची भीती वाटते. बजेट सगळं धरून ऐंशी हजारापर्यंत, चांगल्या कारणासाठी थोडं वाढवेन.

प्रतिसाद

दादा तुमचा हिशोब बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट राहिलीय. विंचवर लिहिलेला आकडा हा ड्रमवर दोरीचा पहिलाच थर असतानाचा असतो. जसजसे थर चढतात तसतसा ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते, दर थराला दहा-पंधरा टक्के धरा. म्हणजे झाड पाच मीटरवर आहे आणि बाकी सगळी दोरी ड्रमवरच गुंडाळलेली आहे अशा वेळी तुमची ४३०० किलोची विंच २८०० किलोच्या आसपास ओढते. म्हणून शक्यतो लांबचं झाड धरायचं किंवा झाडाला स्नॅच ब्लॉक (उघडणारी कप्पी) लावून दोरी परत गाडीकडे आणायची, ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो, दोरी पण जास्त सुटते.

दुसरं म्हणजे चिखलाची पकड. सैन्याच्या रिकव्हरीत एक ठोकताळा वापरतात, टायरभर चिखल असेल तर गाडीच्या वजनाइतका विरोध, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याच्यावर गेली तर तिप्पट. तुमची सव्वादोन टनाची गाडी मडगार्डपर्यंत बसली की साडेचार टन झाले, म्हणजे साडेनऊवाली सरळ ओढीत कमी पडणार आणि बारावाली (५४०० किलो) पण वरच्या थरांवर कमीच पडणार. ब्लॉक दोघींना लागणारच आहे. ब्लॉक लावणारच असाल तर बारा कशाला? बऱ्याच कंपन्यांत दोन्हींची मोटर जवळपास तीच असते, गियर रेशो बदलतो, २१८:१ च्या जागी २६५:१, त्यामुळे बारावाली सावकाश चालते, वजन जास्त, वायर जाड आणि त्यामुळे लांबीला कमी. थारला साडेनऊच घ्या. बारा त्यांना शोभते ज्यांच्याकडे फॉर्च्युनर, एन्डेव्हर किंवा छतावर संसार लादलेली गाडी आहे.

आणि ओढायच्या आधी फावडं चालवा. चाकांपुढची माती आणि पोटाखालचा ढिगारा काढला की निम्मं काम झालं, विंच पण वाचते. मोटर सीरिज वाउंडच (चुंबकाऐवजी तारेच्या गुंडाळ्यांची) घ्या, पर्मनंट मॅग्नेटवाली हलक्या कामाला ठीक, जास्त वेळ ओढलं की तापते.

प्रतिसाद

मी सिंधुदुर्गातला, दोरीबद्दल लिहितो कारण दोन्ही वापरून झाल्यात.

सिंथेटिक घ्या, डोळे झाकून. साडेनऊला स्टीलची वायर आठ मिलिमीटरच्या थोडी वर येते, सिंथेटिक दहा मिलिमीटर, आणि तेवढ्याच ताकदीला सिंथेटिकचं वजन स्टीलच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. थारचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, नाकावर जितकं कमी लोंबेल तितकं चांगलं. पण मुख्य कारण वेगळं. स्टीलची वायर ताणाखाली तुटली की चाबकासारखी परत येते, तुम्ही एकटे आणि सोबत वडील म्हणताय, तो धोका घेऊच नका. शिवाय वायरीचे सुटलेले तंतू हातमोज्यातून पण आत घुसतात, एकदा तळहातात गेला की महिनाभर आठवण ठेवतो.

मात्र सिंथेटिकला जपावं लागतं. आपली जांभ्याची लाल माती दोरीच्या विणीत शिरते आणि आतल्या आत कापत राहते. दर वापरानंतर पूर्ण दोरी सोडून बादलीत साध्या पाण्यात खळबळून काढायची, पाणी लाल यायचं थांबेपर्यंत, सावलीत वाळवायची आणि मग ताण देऊन गुंडाळायची. उन्हाने पण दोरी खराब होते, वर कव्हर टाका. फेअरलीड (दोरी बाहेर येते ती चौकट) अॅल्युमिनियमचा गुळगुळीत हॉज, म्हणजे रोलर नसलेला, हवा, आधी स्टीलची वायर चाललेला रोलर तसाच ठेवलात तर त्याच्यावरचे ओरखडे दोरी फाडतील. ओढताना ड्रमवर निदान आठ-दहा वेढे शिल्लक ठेवा, सिंथेटिक घसरते, स्टीलला पाच चालतात. आणि बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो, ताणाखाली दोरी उलटी सोडत राहिलं की ड्रम तापतो आणि खालचा थर वितळू शकतो, उतारावर गाडी विंचने खाली सोडायची असेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आमच्याकडे सड्यावर वेगळीच अडचण, नुसता कातळ, बांधायला झाडच नाही. तुमच्या चढावर झाडं आहेत का ते आधी बघून ठेवा. ऐन, जांभूळ, आंबा असं जिवंत जाड झाड, बुंध्याला जमिनीलगत रुंद पट्टा, दोरी थेट झाडाला कधीच नाही, साल कापली गेली की झाड मरतं. कारवीच्या बेटाला बांधून काही होत नाही, मुळासकट हातात येतं.

प्रतिसाद

इतका खर्च कशाला, हाताने चालणारा टिरफर (दांडा हलवून वायर ओढायचं यंत्र) घ्या. बॅटरी नको, बंपर नको, पुढे-मागे कुठूनही ओढता येतं. पाठीमागे ओढायची वेळ आली तर पुढची विंच काय कामाची?

धागाकर्ता

टिरफरचा मुद्दा बरोबर आहे, पण तो भर पावसात एकट्याने तासभर हलवायचा आणि खांदा आधीच दुखरा. तरी मागे ओढायची गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, धन्यवाद. माझ्या बाबतीत नाक चढाकडे असतानाच अडकतो त्यामुळे पुढचीच कामाची. चढावर डाव्या हाताला दोन आंबे आहेत, आमचेच आहेत, वरचा ओढ्यापासून पंचवीसेक मीटरवर असेल, म्हणजे थरांचा प्रश्न पण सुटतो असं दिसतंय. फक्त आंबा रस्त्याच्या सरळ रेषेत नाही, थोडा बाजूला आहे, तिरकं ओढलं तर चालतं का?

बॅटरी आणि बंपरचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद

तिरकं थोडं चालतं पण दोरी ड्रमच्या एका टोकाला ढीग करून बसते, मग ती टाय बारवर (ड्रमशेजारच्या आडव्या सळईवर) आणि विंचच्या अंगावर घासायला लागते. दर काही मीटरला थांबा, ढीग किती झालाय बघा, जास्त झाला तर गाडी धरून ठेवून दोरी सोडा आणि नीट भरा. त्यापेक्षा दोन्ही आंबे वापरा, एकाला ब्लॉक बांधून दिशा सरळ करा आणि दुसऱ्याला टोक.

बॅटरी. पूर्ण ताणात साडेनऊ हजारची विंच चारशे अँपियरच्या आसपास खेचते. तुमचा अल्टरनेटर एवढं देऊच शकत नाही, देते ती बॅटरी, अल्टरनेटर फक्त मागून भरत राहतो. म्हणून इंजिन चालू, रेस थोडी वर, आणि जड ओढीत मिनिटभर ओढून थांबायचं, मोटरला हात लावून बघायचा, चटका बसत असेल तर अजून थांबायचं. बॅटरीच्या लेबलवर सीसीए (थंडीत बॅटरी किती अँपियर देऊ शकते तो आकडा) लिहिलेला असतो तो वाचा, ६५० किंवा वर हवा, त्याच्या खाली असेल तर विंचआधी बॅटरी बदला. जुनी झालेली बॅटरी असेल तर आकडा काहीही असो, बदलाच. तुम्ही एकटे आहात, विंचने बॅटरी उतरवली आणि गाडी सुरू झाली नाही तर दुहेरी अडकलात.

वायरिंग थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांना, निगेटिव्ह बॉडीला मारून मोकळं व्हायचं नाही. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, मधे वीज पूर्ण तोडणारा आयसोलेटर स्विच, आणि काम संपलं की तो बंद. हा स्विच मी आवर्जून सांगतो, कारण केबल पुढून बंपरजवळून जाते, कुठे घासून शॉर्ट झाली की तिला अडवायला फ्यूज नसतो. कंट्रोल बॉक्स आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाणारा) असला तरी ओढा ओलांडणार आहात तर बॉक्स बंपरवर न ठेवता बॉनेटमध्ये उंचावर घ्या. आणि विंच महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवा, पावसाळ्यापुरती वापरली आणि आठ महिने तशीच ठेवली की सोलेनॉइडचे (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट गंजतात, नेमकी पहिल्या पावसात क्लिक क्लिक करत बसते.

प्रतिसाद

बंपरबद्दल. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. तेव्हापासून जाड लोखंडी बंपर लावलेली गाडी रस्त्यावर दिसली की अडवतात, आणि ते चूक पण नाही, पादचाऱ्याला लागलं तर जीव जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का जसा पोचायला हवा तसा पोचत नाही. तुम्ही वडिलांना घेऊन हायवेने जाणार, एअरबॅग वेळेवर उघडणं हे विंचपेक्षा महत्त्वाचं.

म्हणून कंपनीचा बंपर ठेवून त्याच्या मागे बसणारी प्लेट शोधा. ती चासीच्या दोन्ही रेलला बोल्ट झालेली हवी, नुसती बंपरच्या पट्टीला नाही, आणि सेन्सर, रेडिएटरसमोरची हवा दोन्ही मोकळं राहायला हवं. बसवण्याआधी इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारा आणि आरटीओत पण चौकशी करा, तोंडी कोणाचं ऐकू नका. माझं मत विचाराल तर पैसे वाटायची वेळ आली तर विंच एक पायरी खालची घ्या पण प्लेट, बोल्ट, केबल आणि पट्टे-शॅकल (जोडायच्या लोखंडी कड्या) यात काटकसर नको. चांगली विंच कच्च्या प्लेटवर म्हणजे ४ टनाची ओढ चार बोल्टवर.

गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोड स्पर्धेतल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून कोणी दोन मोटरची वेगवान विंच सुचवेल, तिकडे लक्ष देऊ नका. तिथे सेकंद मोजतात, मेकॅनिक सोबत असतो. तुम्हाला हळू चालली तरी चालेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. ठरवलंय: साडेनऊ हजार, सीरिज वाउंड, सिंथेटिक, हॉज फेअरलीड, कंपनीच्या बंपरमागे प्लेट. बॅटरीचा सीसीए आजच बघितला, कमी आहे, ती पहिली बदलतो. स्नॅच ब्लॉक, झाडाचा पट्टा, दोन बो शॅकल, हातमोजे आणि दोरीवर टाकायला डँपर (तुटली तर उसळी रोखणारं वजन). आयसोलेटर नक्की. वडिलांना सांगून ठेवतो की ओढताना ते वरच्या बांधावर, दोरीच्या रेषेपासून लांब उभे राहतील, गाडीजवळ नाही.

एक शेवटचं, नवीन दोरी कारखान्यातून गुंडाळून येते तशीच वापरायची का?

प्रतिसाद

नाही. ती सैल भरलेली असते, पहिल्याच जोराच्या ओढीत वरचा थर खालच्यात रुततो आणि अडकतो. सपाट किंवा किंचित चढाच्या मोकळ्या जागेवर दोरी शेवटचे दहा वेढे ठेवून सोडा, टोक खांबाला किंवा दुसऱ्या गाडीला, आणि स्वतःचीच गाडी न्यूट्रलमध्ये हँडब्रेक एक-दोन दात ओढून विंचनेच हळूहळू पुढे घ्या. आत एक माणूस ब्रेकवर, एक बाहेर रिमोट घेऊन बाजूला उभा. वेढे शेजारी शेजारी बसतायत का बघत राहा. पुण्यात असाल तर रविवारी सांगा, मी गाडी घेऊन येतो, तासाभराचं काम आहे.