उपग्रहचित्रांवरून येरळवाडी तलावाचे पाणी समजेल का?

प्रश्न (खटाव, जि. सातारा):
येरळवाडी तलावातील पाणी आणि भोवतालच्या उसाची वाढ आम्हा गावकऱ्यांना मोफत उपग्रहचित्रांवरून नियमित पाहता येईल का? पावसाळ्यात चित्रात केवळ ढगच दिसतात.

उत्तर १:
नक्की येईल. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) मोफत चित्रे साधारण दर ५ दिवसांनी मिळतात. पावसाळ्यात मात्र सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह पाहावा, कारण त्याच्या रडारलहरी ढगांतून आरपार जातात आणि शांत पाण्यावरून दुसऱ्या दिशेला परावर्तित होत असल्यामुळे तलाव काळा दिसतो; वाऱ्याने लाटा उठल्या असतील, तर त्या दिवशीच्या चित्रातील तलावाच्या कडांवर विसंबू नये.

उत्तर २ (सांगली):
उपग्रहचित्र पाण्याचा विस्तार दाखवते, खोली नव्हे. साठा काढण्यासाठी तलावाचा क्षेत्रफळ-साठा तक्ता (पाण्याच्या किती विस्ताराला किती साठा, हे सांगणारा) लागतोच, आणि गाळ साचलेला असेल तर जुना तक्ता प्रत्यक्षापेक्षा अधिक पाणी दाखवतो. पाणीवाटपाचा निर्णय त्यावर होणार असेल, तर गाळाची नवी मोजणी मागण्याचा आग्रह गावाने अवश्य धरावा.

उत्तर ३:
उसासाठी एनडीव्हीआय (पिकाची हिरवाई दाखवणारा) निर्देशांक सुरुवातीला उपयोगी आहे. पीक दाट झाल्यावर तो फारसा वाढत नाही, तेव्हा सेंटिनेल-२ चे रेड-एज पट्टे (लाल आणि अवरक्त यांच्यामधल्या प्रकाशाची नोंद) तपासावेत.