कोकणातलं शहर, दोन दिवस मुक्काम : तुमचे अनुभव सांगा

मी रत्नागिरीचीच, शाळा-कॉलेजही इथलंच. दर दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या बघते. शहराला वळसा घालून थेट गणपतीपुळ्याला जातात आणि परतीच्या वाटेवर फक्त आंब्याच्या पेटीपुरत्या थांबतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोकण म्हणजे नुसती वाळू आणि माड नव्हेत. इथल्या शहरांत जुन्या आळ्या आहेत, बंदरं आहेत, वाचनालयं आहेत, माणसं आहेत. तुमच्यापैकी कुणी रत्नागिरी, अलिबाग, चिपळूण, मालवण, सावंतवाडी अशा ठिकाणी शहरातच मुक्काम केला असेल, तर काय पाहिलंत, काय खाल्लंत, काय चुकलं, ते लिहा. हॉटेलांच्या जाहिराती नकोत, स्वतःचा अनुभव हवा.

*

गेल्या डिसेंबरात वडिलांना घेऊन रत्नागिरीला गेलो होतो. ते ७२ वर्षांचे आहेत. तरुणपणी तीन वर्षं तिथल्या कोर्टात कारकून होते, त्यानंतर जाणं झालंच नव्हतं. कोकणकन्येनं पहाटे उतरलो. स्टेशन शहराबाहेर असल्यानं रिक्षा करावीच लागते. वडिलांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "खोलीवर मागाहून, आधी मिरकरवाडा." बंदरात लाँची लागत होत्या, मासळी उतरत होती आणि लिलाव सुरू होता. बोली इतकी भरभर चालते, की माल कुणाला गेला हे आपल्याला कळेपर्यंत पाटी उचलली गेलेली असते. बायका मधल्या वाटेनं भरलेल्या पाट्या घेऊन जातात, तेव्हा कडेला उभं राहावं. मोबाइल काढायच्या आधी विचारावं.

थिबा राजवाड्यात आमचा अर्धा दिवस गेला, आणि तो तसाच जायला हवा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा उभा राहिला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं राणी आणि मुलींसह बंगल्यांमध्ये काढली, आणि हक्काचं घर मिळाल्यावर सहा वर्षांतच, १९१६ च्या डिसेंबरात, राजा गेला. आम्ही बाहेर पायरीवर बसलो होतो. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या तीन वर्षांत मी एकदाही इथं आलो नाही. बदली कधी होते याचेच दिवस मोजत होतो." राजाचं थडगंही शहरातच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आणि मग पतितपावन मंदिर पाहिलं. हे मंदिर १९३१ सालचं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशानं बांधलं. ज्या काळात अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना देवळाच्या पायरीवरही उभं करत नसत, त्या काळात हे सगळ्या हिंदूंना खुलं होतं. संध्याकाळी थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पूल आणि मावळतीचा सूर्य. मासे आम्ही घरगुती खानावळीतच खाल्ले. तिथे "आज काय आलंय?" एवढंच विचारायचं. बांगडा आला असेल तर बांगडाच खायचा.

*

अलिबागबद्दल लिहिते, कारण तिथे आमची एक मोठी चूक झाली आणि इतरांची होऊ नये.

आम्ही मैत्रिणी मुलांना घेऊन मांडव्याच्या बोटीनं गेलो होतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, एवढंच ऐकलं होतं. चालत गेलो. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, चारही बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर आहे. मुलं रमली, आम्हीही रमलो. परत निघालो तेव्हा वाटेत पाणी मुलांच्या कमरेपर्यंत आलं होतं. एका कोळी मामांनी तटाजवळूनच हाक मारून आम्हाला मागे बोलावलं आणि घोडागाडीत बसवून किनाऱ्यावर आणून सोडलं. पैसे घ्यायला तयार नव्हते. त्यांनी जे शिकवलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीचा तास येतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास. पाणी पुरतं उतरायच्या थोडं आधी निघावं आणि चढायला लागायच्या आत परतावं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा वाट नीट कोरडी होतच नाही.

अलिबागेत भूचुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत कुलाब्याला चुंबकीय नोंदी होत असत, पण तिथल्या ट्रामगाड्या विजेवर चालवायचं ठरलं. विजेनं नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला आलं. आम्ही इमारत बाहेरूनच पाहिली, तरी माझ्या मुलाला सगळ्यात जास्त हीच गोष्ट लक्षात राहिली आहे.

*

भरतीचं वर आलंच आहे म्हणून मालवणचं सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याला धक्क्यावरून होड्या जातात, पण पावसाळ्यात त्या बंद असतात. आम्ही जूनमध्ये गेलो. किल्ला किनाऱ्यावरूनच पाहिला. पाऊस, फेसाळलेला दर्या आणि पलीकडे तो काळा तट. १६६४ साली महाराजांनी त्या खडकावर काम सुरू केलं, त्यांच्यासमोरही हाच समुद्र होता, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं.

जून-जुलैत दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठ्या हॉटेलात "ताजी सुरमई" म्हणून जे मिळतं त्यापासून सावध राहा. आमच्या ताटात आलेला तुकडा बर्फातला होता, चव पार गेलेली. दुसऱ्या दिवशी बाजारात एका मावशींना विचारलं. त्यांनी समोरचा बांगडा बाजूला सारून सांगितलं, "ह्यो कालचो असा, घेव नको. कुर्ल्यो घे." त्या कुर्ल्या आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या काकूंनी रांधून दिल्या. वाटप त्यांनी पाट्यावर वाटलं होतं. बाहेर पाऊस कोसळत होता. तसं जेवण मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

*

शाकाहारी लोकांनी कोकणात जाऊन काय खायचं, असं मला नेहमी विचारतात. आम्ही घरचे सगळे शाकाहारी आणि दर वर्षी जातो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, बिनगऱ्याच्या कोवळ्या फणसाची भाजी. एरवी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, कुळथाची पिठी आणि भात, घावणे. मालवण-कुडाळकडे शिरवाळे मिळाले तर सोडू नका: तांदळाच्या शेवया आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. करायला कष्टाचे असतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. मासे शिजतात त्या स्वयंपाकघरातलं चालत नसेल, तर तेही आधीच स्पष्ट सांगावं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

*

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. सावंतवाडीला दोन दिवसांसाठी गेलो आणि चार दिवस राहिलो.

चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरेदी करून लगेच निघू नका. लाकडी सीताफळाच्या प्रत्येक डोळ्यावर रंगाची छटा कशी चढते, हे उभं राहून बघा. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलावंत बसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते, आणि प्रत्येक हातानं रंगवलेला. ही कला विझत चालली होती. शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. तिथल्या एका मुलीला मी विचारलं, मत्स्य आणि कूर्म यांच्या पत्त्यांत रेषा सुटायला कठीण कुठली? ती म्हणाली, "सर, कडेची गोल रेघ." चाळीस वर्षं शिकवल्यावर हे उत्तर मला पटलं. मी एक लहान संच घेतला. स्वस्त नव्हता, आणि नसावाच.

संध्याकाळी मोती तलावाच्या कठड्यावर अख्खं गाव फिरायला येतं. तिथे बसण्यासाठी मी उरलेले दोन दिवस वाढवले.

*

चिपळूणचं कुणी लिहीत नाही म्हणून थोडक्यात. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरांत त्याचं फार नुकसान झालं, तरी ते पुन्हा सुरू झालं. परशुरामाच्या देवळात जाल तेव्हा एक तास इथेही द्या, आणि जमलं तर देणगीची पावती फाडा.

*

आमची रत्नागिरीजवळ हापूसची कलमं आहेत, म्हणून आंब्यापुरतं बोलतो. एप्रिलच्या सुरुवातीला भाव चढा असतो. मेच्या मध्याला येणाऱ्यांना तोच आंबा कमी पैशांत मिळतो. शक्यतो बागेतून घ्या आणि आढी बघायला मागा, कुणीही आनंदानं दाखवेल. घरी नेल्यावर पेटी लगेच उघडा, आंबे पेंढ्यात एकमेकांना न टेकता मांडा, फ्रिजमध्ये घालू नका. रोज हातानं चाचपून बघा. सालीला सुरकुत्या पडल्या म्हणून लोक आंबा टाकून देतात. तो टाकू नका, आधी तोच खा.