बुटांसाठी काइटबोर्ड कुठला घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी, मी गोव्यात मोरजीला काइट करतो, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर बोर्ड चालवतो. चार हंगाम फुटस्ट्रॅपवर (पाय सरकवायचे पट्टे) काढले, आता बोर्डाला स्क्रूने बसवायच्या बुटांवर जायचंय. मित्राकडून वेकबोर्डचे जुने बूट स्वस्तात मिळाले आणि उत्साहाच्या भरात माझ्या १३६ सेंटीमीटरच्या हलक्या फ्रीराइड (साध्या, आरामात चालवायच्या) बोर्डावर बसवलेही. तिसऱ्याच दिवशी उडीवरून उतरताना टाचेखाली ‘कट्ट’ आवाज आला. किनाऱ्यावर येऊन बघतो तर एक इन्सर्ट (स्क्रू घट्ट करायला बोर्डात बसवलेला आट्यांचा तुकडा) जागच्या जागी फिरतोय आणि भोवती केसाएवढी चीर. चूक माझीच. बुटात पाय जखडलेला, सगळा पीळ त्या स्क्रूंवरच जाणार.

आता नवा, कडक बोर्ड बघतोय. माझं वजन ७८ किलो, वारा दुपारनंतरचा, बहुतेक १२ ते १६ नॉट.

खरा घोळ रॉकरचा, म्हणजे बोर्डाच्या टोकांकडे वर जाणाऱ्या बाकाचा आहे. जास्त रॉकर असला की उतरताना गुडघे वाचतात (माझे आता चाळिशीचे आहेत), पण हलक्या वाऱ्यात बोर्ड नुसता पाणी ढकलत बसतो, वारा येतो त्या दिशेला वर चढत नाही. मग बूट काढा, काइट सांभाळा आणि वाळूतून पायपीट करा. मधला रॉकर आणि १४२ लांबी घेतली तर जमेल का? की १३९ पुरे? खाली खोल चॅनेल (तळाच्या लांबट खाचा) असतील तर फिन (तळाचे छोटे पंख) काढून चालवता का कुणी?

आणि जुना बोर्ड घेताना इन्सर्ट कसे तपासता? नुसता स्क्रू फिरवून कळतं का?