पुण्याच्या बुधवार वाड्याचे नेमके काय झाले?

प्रश्न – पेठकर
शनिवारवाड्याची तटबंदी आणि विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग आजही पाहायला मिळतो. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या बुधवार वाड्याचा मात्र मागमूसही उरलेला नाही. ‘वाडा जळला आणि त्याच्याबरोबर पुस्तकेही गेली’, असे माझी आजी तिच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले सांगत असे. तो वाडा म्हणजे शनिवारवाडाच असे मी धरून चाललो होतो, त्यामुळे शनिवारवाड्यात पुस्तके कुठली, असा प्रश्न मला नेहमी पडे. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद – जुनी पाने
शनिवारवाड्याची आग १८२८ची. आपल्या आजींनी सांगितलेली आग मे १८७९ची असली पाहिजे. त्या वेळी बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा दोन्ही पेटले. पेशवाई जाऊन साठ वर्षे लोटली होती आणि बुधवार वाड्यात सरकारी कचेऱ्या भरत होत्या. १८४८ साली स्थापन झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, हीदेखील तिथेच होती. विश्रामबाग पुढे लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या पैशातून सावरला गेला, बुधवार वाडा गेला तो कायमचा. तो कसा असेल याची थोडीफार कल्पना हवी असल्यास विश्रामबागेच्या सज्जाखाली उभे राहून सुरूच्या झाडासारखे कोरलेले सागवानी खांब जवळून पाहावेत.

प्रतिसाद – कसबेकर
या आगीचे राजकीय पडसाद मला अधिक महत्त्वाचे वाटतात. त्याच महिन्यात वासुदेव बळवंत फडके यांच्या साथीदारांनी कोकणात दरोडे घातले होते, त्यामुळे आग हा बंडाचाच भाग असल्याचा संशय सरकारला आला. आग लावल्याच्या आरोपाखाली पकडला गेलेला इसम सरकारी पुस्तक भांडारातील नोकर निघाला, आणि त्याचे आडनाव होते रानडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यावर सरकारची आधीच वक्रदृष्टी होती. त्यांची तातडीने धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची टपाल फोडून पाहिली जाई, आणि फडक्यांच्या नावाने बनावट पत्रेही त्यांना येत. अशी पत्रे ते न चुकता पोलीस अधिकाऱ्याकडे पाठवून देत. एवढ्या सचोटीच्या माणसाला केवळ संशयापायी हे सोसावे लागले, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

पेठकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आजीची ‘पुस्तके’ कोणती, ते आज उमगले. ज्या वाचनालयात मी शाळेपासून जातो, त्याचीच ती होती.