प्रतिसाद: सम की खुरी?

जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्या बघायला सम गावाला जावं की खुरीला, या प्रश्नावर वर दोघातिघांनी "वाळूचे डोंगर बघायचे तर समच, बाकी सगळं फुकट" असं म्हटलंय. टेकड्यांची उंची आणि पसारा बघता ते बरोबर आहे, पण संध्याकाळी तिथे जीपा, उंट आणि तंबूंमधले लाउडस्पीकर एवढे असतात की वाळवंट हरवून जातं. लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर मी खुरीच सांगेन. टेकड्या जरा बुटक्या आहेत, पण गावातच राहता येतं आणि पहाटे वाळूवर किड्यांच्या पायांची बारीक नक्षी तशीच्या तशी बघायला मिळते. चढताना वाऱ्याकडच्या बाजूने चढा, तिथली वाळू दबून घट्ट झालेली असते. पलीकडचा उतार ३०-३४ अंशांचा आणि भुसभुशीत, पाऊल घोट्यापर्यंत रुततं.

आणखी एक, जे इथे कुणीच लिहिलं नाही. सम काय नि खुरी काय, दोन्ही डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहेत. तिथल्या सुदासरीच्या कुंपणबंद गवताळ भागात माळढोक हा दुर्मिळ पक्षी दिसू शकतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात तो आता जवळजवळ दिसेनासा झालाय. त्यामुळे एक सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवाच. आणि दुर्बीण न्या!